राष्ट्राध्यक्षाला घरी कोण पाठवतं? कोरियातले तीन महाभियोग आणि नंतरची मतपेटी

दूरदेशी
८ जून २०२५, रात्री ९.४०

मंडळी, मी गेली सहा वर्षं दक्षिण कोरियात, सुवॉनला राहते. गेल्या मंगळवारी, ३ जूनला, इथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. ली जे-म्योंग ४९.४२ टक्के मतं घेऊन निवडून आले. ज्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने, युन सक-योल यांनी, डिसेंबरात मार्शल लॉ लावला आणि एप्रिलमध्ये पद गमावलं, त्याच पक्षाचे किम मून-सू ४१.१५ टक्क्यांवर थांबले. म्हणजे शंभरातल्या एक्केचाळीस जणांनी मत दिलं ते त्याच पक्षाला. त्या एक्केचाळिसांपैकी एक माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. माझ्या घरमालकीणबाई, वय सत्तरीच्या पुढे, जन्म दैगूचा, म्हणजे परंपरावाद्यांच्या बालेकिल्ल्यातला. ३ डिसेंबरच्या रात्री मला दार वाजवून उठवलं ते त्यांनीच. हात थरथरत होते. टीव्हीवर सैनिक संसदेच्या खिडक्या फोडून आत शिरत होते आणि त्या सारखं म्हणत होत्या, "हे पुन्हा नको, हे पुन्हा नको." आणि सहा महिन्यांनी मत किम यांनाच. मी आजी म्हणते त्यांना, म्हणजे इथल्या भाषेत हलमोनी. त्यांच्या मताचा मला राग नाही. मला ते समजून घ्यायचंय, म्हणून हा धागा.

इथे एकवीस वर्षांत तीन राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालला. संसदेने तो मंजूर करायचा आणि शेवटचा निकाल घटना न्यायालयाने द्यायचा, अशी इथली रीत. तिन्ही वेळा लोकांचा कौल वेगळा लागला. क्रमाने सांगते.

पहिला २००४ चा. रो मू-ह्यून राष्ट्राध्यक्ष होते. ज्या पक्षाच्या तिकिटावर ते निवडून आले तो त्यांनी सोडला होता आणि त्यांच्या बाजूचा नवा उरी पक्ष संसदेत पन्नाशीच्या आत होता. पत्रकार परिषदेत त्यांनी लोकांनी उरी पक्षाला साथ द्यावी अशी इच्छा बोलून दाखवली. निवडणूक आयोग म्हणाला, हा तटस्थतेचा भंग. विरोधकांनी माफी मागायला सांगितली, त्यांनी नकार दिला. १२ मार्चला १९३ विरुद्ध २ मतांनी महाभियोग मंजूर झाला. उरी पक्षाच्या खासदारांना रक्षकांनी हातापायाला धरून बाहेर ओढलं, काही जण सभागृहातच रडत होते, आणि हे सगळं थेट प्रक्षेपणात घरोघरी दिसलं. दहातल्या सात जणांना तो महाभियोग चुकीचा वाटत होता. बरोबर चौतीस दिवसांनी, १५ एप्रिलला, संसदेची निवडणूक होती. उरी पक्ष २९९ पैकी १५२ जागांवर गेला. महाभियोगात पुढे असलेला, रो यांचाच जुना पक्ष, ९ जागांवर आला. १४ मे रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला: कायदा मोडला हे खरं, पण पद काढून घेण्याइतका तो भंग गंभीर नाही. रो परत कामावर.

याच निवडणुकीत दुसऱ्या विरोधी पक्षाचं, म्हणजे परंपरावाद्यांचं, पूर्ण पानिपत व्हायचं होतं. ते टळलं. पक्षाच्या नव्या अध्यक्षांनी मुख्यालय सोडून मोकळ्या मैदानात तंबू ठोकला, तिथून पक्ष चालवला, लोकांची माफी मागितली आणि १२१ जागा राखल्या. त्या अध्यक्षांचं नाव पार्क ग्यून-हे. बारा वर्षांनी महाभियोग त्यांच्यावरच आला.

२०१६ चं आंदोलन मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा पुण्यात होते. पण इथे कुणाशीही बोला, वर्ष सांगावं लागत नाही, "मेणबत्त्यांच्या वेळी" म्हटलं की पुरतं. पार्क यांची एक खासगी मैत्रीण, हाती कुठलंही पद नसताना, सरकारी कामात हात घालत होती आणि तिच्या संस्थांसाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतले गेले होते. २९ ऑक्टोबरपासून दर शनिवारी सोलमधल्या ग्वांगह्वामुन चौकात लोक मेणबत्त्या घेऊन जमायला लागले. नोव्हेंबरच्या शेवटी गॅलप कोरियाच्या पाहणीत पार्क यांच्या कारभारावर खूश असलेले लोक उरले ४ टक्के. आणि गंमत नाही, खरी सांगण्यासारखी गोष्ट ही की विरोधी पक्ष तेव्हाही महाभियोगाचं नाव काढायला कचरत होता. २००४ चा चटका आठवत होता. आधी राजीनामा मागू, बघू, असं चाललं होतं. त्यांना पुढे ढकललं रस्त्याने. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला, वारा आला की मेणबत्त्या विझतात. पुढच्या शनिवारी लोक न विझणाऱ्या, सेलवरच्या मेणबत्त्या घेऊन आले. ९ डिसेंबरला २३४ विरुद्ध ५६. म्हणजे पार्क यांच्याच पक्षातल्या किमान बासष्ट जणांनी त्यांच्या विरोधात मत दिलं. त्या आठवड्यात ८१ टक्के लोक महाभियोगाच्या बाजूने होते. १० मार्च २०१७ ला न्यायालयाचा निकाल ८ विरुद्ध ०. ९ मे रोजी मून जे-इन ४१.१ टक्क्यांनी निवडून आले. परंपरावादी उमेदवार २४ टक्क्यांवर.

मून जे-इन हे २००४ मध्ये रो यांच्या बचावाच्या वकिलांपैकी एक. महाभियोगाची बातमी आली तेव्हा ते नेपाळात हिमालयात पायी फिरत होते. तिथून परतले आणि खटल्याला उभे राहिले.

तिसरा आत्ताचा. ३ डिसेंबर २०२४, रात्री साडेदहाच्या सुमारास युन सक-योल यांनी मार्शल लॉ जाहीर केला. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि रात्री एकच्या सुमारास १९० विरुद्ध ० मतांनी तो रद्द करायचा ठराव झाला. ७ तारखेला महाभियोगाचं मतदान. सत्ताधारी पक्षाचे तिघे सोडून बाकी सगळे सभागृहाबाहेर. २०० मतं लागत होती, १९५ च पडली. एकेका गैरहजर खासदाराचं नाव पुकारलं गेलं. बाहेर थंडीत उभे लोक ती नावं ऐकत होते.

१४ तारखेच्या शनिवारी, दुसऱ्या मतदानाच्या दिवशी, मी योइदोला, सोलमधल्या संसदेच्या भागात, गेले. परदेशी नागरिकांना इथे राजकीय कृती करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून मी गर्दीच्या कडेला, एका बँकेच्या पायऱ्यांवर उभी राहिले. हातात मेणबत्त्या नव्हत्या, गाण्यांच्या कार्यक्रमात नेतात त्या रंगीत दिव्यांच्या कांड्या होत्या. निम्म्याहून जास्त मुली, विशी-पंचविशीच्या. आसपासच्या कॅफेत कुणी कुणी आधीच पैसे भरून ठेवले होते, शंभर कप, दोनशे कप, जो येईल त्याने नाव न सांगता घ्यावा. मलाही एका मुलीने कप आणून दिला. मी म्हटलं मी इथली नाही. ती म्हणाली, थंडी तर तुम्हालाही वाजतेच. पाच वाजता आकडा आला, २०४. माझ्या बाजूचे आजोबा जिन्यावर बसले आणि तोंड झाकून रडले. त्या आठवड्यात गॅलप कोरियात ७५ टक्के महाभियोगाच्या बाजूने, युन यांच्यावर खूश ११ टक्के. ४ एप्रिलला न्यायालय पुन्हा ८ विरुद्ध ०.

पंचाहत्तर टक्के लोकांना हा माणूस जावा असं वाटलं. मग सहा महिन्यांनी त्याच्या पक्षाला एक्केचाळीस टक्के कसे? माझं मत सांगते. लोक महाभियोगाला मत देत नाहीत, तो कोणी कोणासाठी केला याला देतात. २००४ ला खासदारांनी लोकांच्या डोक्यावरून केला, लोकांनी त्यांना फोडून काढलं. २०१६ ला लोकांनी खासदारांकडून करून घेतला. २०२४ ची सुरुवात २०१६ सारखी झाली, पण पुढच्या चार महिन्यांत तो हळूहळू "त्यांनी आपल्यावर केलेला" वाटू लागला, निदान हलमोनींसारख्यांना. तुम्हाला काय वाटतं?

तळेगावकर
८ जून २०२५, रात्री १०.५५

ताई, एका दमात वाचलं. मी चाकणच्या एका कोरियन कंपनीत आहे. ३ डिसेंबरला आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते, दुसरी पाळी चालू होती. आमचे कोरियन साहेब लाइनवरून उठून फोन घेऊन बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. साडेनऊला कँटीनमध्ये दिसले, डोळे लाल. मला मोडक्या हिंदीत म्हणाले, "खतम, खतम, ठीक है." मी काही विचारलं नाही. आता समजलं काय खतम झालं होतं ते.

मास्तर_कराड
९ जून २०२५, सकाळी ७.१५

दूरदेशी, माहिती उत्तम. पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. महाभियोग हा खटला आहे. खटल्यात न्यायाधीश खिडकीबाहेरची गर्दी मोजत नाहीत. रो यांनी कायदा मोडला हे न्यायालयानेच म्हटलं ना? मग ७० टक्के लोक विरोधात होते म्हणून खासदारांनी गप्प बसायचं होतं? आणि उद्या एखाद्या लोकप्रिय राष्ट्राध्यक्षाने खरोखर घटना पायदळी तुडवली आणि ७० टक्के लोक त्याच्या बाजूने असले, तर?

आपल्या घटनेतलं कलम ६१ बघा. राष्ट्रपतींवर महाभियोग फक्त घटनेच्या भंगासाठी. सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची नोटीस, एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं, मग दुसऱ्या सभागृहात चौकशी आणि तिथेही दोन तृतीयांश. आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही. पण ते लिहिणाऱ्यांनी त्यात लोकमताला कुठेही जागा ठेवली नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. निवडणुकीत काय होईल याचा हिशोब करून जो महाभियोगाला हात वर करतो किंवा खाली ठेवतो, त्याने शपथ मोडली.

एडिसनकर
९ जून २०२५, सकाळी ९.०२

मास्तर, तत्त्व मान्य. पण हिशोब न करणाऱ्यांचं काय होतं ते मी इथे न्यू जर्सीत बसून पंचवीस वर्षं बघतोय.

१९९८ ला मी नवीनच आलो होतो. नोव्हेंबरात मध्यावधी निवडणुका होत्या आणि रिपब्लिकन पक्षाने सगळी भिस्त राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या प्रकरणावर, म्हणजे एका तरुण कर्मचारी मुलीशी असलेल्या संबंधांबद्दल ते खोटं बोलले यावर, ठेवली होती. मध्यावधीत राष्ट्राध्यक्षाचा पक्ष जागा गमावतो हा इथला जवळजवळ नियम. १९३४ नंतर पहिल्यांदा उलटं झालं, डेमोक्रॅट्सच्या प्रतिनिधिगृहात पाच जागा वाढल्या. तीन दिवसांत सभापती न्यूट गिंगरिच यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं. लोकांनी इतकं स्पष्ट सांगूनही महिना-दीड महिन्यात, १९ डिसेंबरला, जुन्याच सभागृहाने महाभियोग मंजूर केला. त्याच दिवसांत घेतलेल्या गॅलपच्या पाहणीत क्लिंटन यांच्या कामावर समाधानी लोक ७३ टक्के, त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा आकडा. फेब्रुवारीत सिनेटने त्यांना सोडलं. एका आरोपावर ४५ विरुद्ध ५५, दुसऱ्यावर ५० विरुद्ध ५०. लागत होती ६७.

लोकांना क्लिंटन निर्दोष वाटत होते असं अजिबात नाही. माझ्या कचेरीतले लोक त्यांना खोटारडा म्हणायचे आणि त्याच दमात म्हणायचे, पण हे त्या काँग्रेसचं काम नाही. दूरदेशींचं "डोक्यावरून केला" हे मला तिथे पटतं.

आता परिणाम. सिनेटमध्ये खटला चालवणाऱ्या तेरा प्रतिनिधींपैकी एक जेम्स रोगन, लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेल-पॅसाडेना भागाचे. त्यांचा मतदारसंघ क्लिंटन यांच्या बाजूला झुकलेला होता आणि त्यांना ते माहीत होतं. तरी केलं. २००० मध्ये हरले. हरवणारे ॲडम शिफ. वीस वर्षांनी ट्रम्प यांच्यावरच्या पहिल्या महाभियोगाचा खटला सिनेटमध्ये चालवायला उभे राहिले ते हेच शिफ. पण २००० मध्येच बुश निवडून आले, आणि व्हाइट हाउसची अब्रू परत आणतो हे त्यांच्या प्रचारात ठळक होतं. म्हणजे क्लिंटन वाचले आणि किंमत थोडी त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष आणि बुश यांच्यासमोरचे उमेदवार गोर यांनी मोजली, असंही इथे पुष्कळ जण मानतात. माझ्या मते गोर यांच्या पराभवाचं सगळं खापर त्यावर फोडता येत नाही, इतक्या कमी फरकाच्या निवडणुकीत प्रत्येकच कारण पुरेसं ठरतं.

आणि जानेवारी २०२१. संसद भवनावर हल्ला झाला, आठवड्याभरात ट्रम्प यांच्यावर दुसरा महाभियोग, त्यांच्याच पक्षाचे दहा प्रतिनिधी बाजूने. त्या दहांपैकी चौघांनी पुढची निवडणूक लढवलीच नाही. चौघे प्राथमिक फेरीतच हरले. राहिले दोन, डेव्हिड व्हॅलाडेओ आणि डॅन न्यूहाउस, तेही जिथे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक फेरीत असतात अशा राज्यांतून. हरलेल्या चौघांतल्या लिझ चेनी ३७ टक्क्यांहून जास्त फरकाने हरल्या, वायोमिंगमध्ये, जिथे त्यांच्या वडिलांनाही लोकांनी वर्षानुवर्षं निवडून दिलं होतं. मास्तर, या बाईंनी तुमच्या नागरिकशास्त्राप्रमाणे वागून दाखवलं. मला त्यांची बाकीची धोरणं पटत नाहीत, पण त्या दिवशी त्यांच्याबद्दल मला आदर वाटला आणि अजून वाटतो. आणि २०२४ मध्ये ट्रम्प परत निवडून आले.

अक्षरधूळ
९ जून २०२५, दुपारी १.३०

मी जनमत पाहण्यांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक गोष्ट वेगळी काढून सांगते. "हा माणूस चांगलं काम करतोय का" आणि "याला पदावरून काढावं का" हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं एका वेगाने बदलत नाहीत.

निक्सन बघा. १९७२ मध्ये ६० टक्क्यांहून जास्त मतं, ५० पैकी ४९ राज्यं. १९७३ च्या उन्हाळ्यात वॉटरगेटची, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीच्या प्रकरणाची, सिनेट समितीपुढची सुनावणी टीव्हीवर रोज चालली आणि त्यांची लोकप्रियता धाडधाड कोसळली. पण "काढा" म्हणणारे लोक निम्म्यावर गेले ते थेट ऑगस्ट १९७४ च्या तोंडावर, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती द्यायला लावल्या होत्या आणि प्रतिनिधिगृहाच्या समितीने महाभियोगाचे आरोप मंजूर केले होते. नावडता असणं आणि काढून टाकावासा वाटणं यात वर्षभराचं अंतर होतं. लोक निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी घरी पाठवायला सहजी तयार होत नाहीत, आणि मला वाटतं त्यात त्यांचं शहाणपण आहे. निक्सन यांनी महाभियोगाचं मतदान व्हायच्या आधीच ९ ऑगस्टला पद सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी महिन्याभरात त्यांना माफी दिली. नोव्हेंबरात डेमोक्रॅट्सच्या ४९ जागा वाढल्या. त्यातल्या किती वॉटरगेटच्या, किती माफीच्या, किती महागाईच्या, हे वेगळं काढायला जाऊ नये.

दुसरं, कोरियाच्या जानेवारीतल्या आकड्यांबद्दल. युन यांना १५ जानेवारीला अटक झाली. त्याच आठवड्यात गॅलप कोरियात त्यांचा पक्ष ३९ आणि विरोधक ३६ असा आकडा आला. महिन्याभरापूर्वी ज्या पक्षाचं नाव घ्यायला लोक लाजत होते तो पुढे! असं होतं तेव्हा आमच्याकडे पहिला संशय हा की फोन कोण उचलतंय. ज्यांना आपल्यावर हल्ला झालाय असं वाटतं ते हिरिरीने उत्तरं देतात, जे जिंकल्यासारखे असतात ते फोन कापतात. पण तो सगळाच भास नव्हता. जूनमधले ४१ टक्के म्हणजे त्याचं मोजलेलं रूप.

सांजवात
९ जून २०२५, रात्री ८.२०

धागा वाचताना मला सारखी १९७७-७८ ची आठवण येत होती. महाभियोग नव्हे, पण भावना तीच. इंदिरा गांधींना लोकांनीच हरवलं होतं, आणीबाणीचा राग खरा होता. माझे वडील एकोणीस महिने येरवड्यात होते, आमच्या घरात तो राग मी लहानपणी पाहिला आहे. मग ऑक्टोबर १९७७ मध्ये जनता सरकारने त्यांना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी सोडून दिलं. पुढच्या वर्षी त्या चिकमगळूरहून निवडून आल्या, तर १९ डिसेंबर १९७८ ला लोकसभेने त्यांचं सदस्यत्व काढून तुरुंगात पाठवलं. आमचे वडील स्वतः म्हणाले होते, "आता ही बाई परत येणार." १९८० मध्ये ३५३ जागा. जनता पक्ष आपसांत भांडून फुटला हे मोठं कारण, कबूल. पण शिक्षा द्यायचा अधिकार लोकांनी आपल्या हातून बजावला होता, तो पुन्हा कुणीतरी बजावायला गेला की लोकांना तो सूड वाटतो.

दूरदेशी
९ जून २०२५, रात्री ११.१०

सांजवात, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ. ज्याने तुरुंग भोगला त्याने हे ओळखावं.

मास्तर, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. लोकप्रिय माणसाने घटना तुडवली तर खासदारांनी हात वर करायलाच हवा, पडले तरी. माझं म्हणणं इतकंच की २००४ ची तक्रार त्या मापाची नव्हती. पत्रकार परिषदेतल्या एका वाक्यासाठी, निवडणूक महिन्यावर असताना, ज्यांची संसदेत संख्या होती त्यांनी ती वापरली. न्यायालयाने भंग आणि गंभीर भंग यात जो फरक केला, तोच फरक लोकांनी महिनाभर आधी मतपेटीत केला होता. न्यायालय लोकांच्या मागे गेलं असं काही जण इथे म्हणतात. मी निकालाचं भाषांतर वाचलंय, मला तो स्वतःच्या पायावर उभा दिसतो.

एडिसनकर, चेनींसारखं इथेही झालं. युन यांच्याच पक्षाचे अध्यक्ष हान डोंग-हून यांनी महाभियोगाच्या बाजूने भूमिका घेतली. मतदान गुप्त होतं, पण २०४ चा आकडा म्हणजे पक्षातले किमान बारा जण फुटले. दोन दिवसांत हान यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. मे महिन्यात उमेदवारीसाठी ते उभे राहिले आणि किम मून-सूंकडून हरले, ज्यांनी महाभियोगाला विरोध केला होता त्यांच्याकडून. २०१७ मध्ये पार्क यांच्या विरोधात गेलेले यू सुंग-मिन यांनी नवा पक्ष काढून राष्ट्राध्यक्षपद लढवलं, तर सात टक्केही मिळाले नाहीत. ते दैगूचे. तिथे त्यांना अजून गद्दार म्हणतात.

आणि लाट किती टिकते तेही बघा. २००४ चा उरी पक्ष तीन वर्षांत विसर्जित झाला. २०१७ ला २४ टक्क्यांवर गेलेला परंपरावादी पक्ष २०२२ मध्ये नाव बदलून सत्तेत आला, ०.७३ टक्क्याने, अडीच लाखांहून कमी मतांच्या फरकाने. त्यांचा उमेदवार कोण? पार्क यांच्या प्रकरणाच्या तपासात पुढे असलेला सरकारी वकील, युन सक-योल.

मास्तर_कराड
१० जून २०२५, सकाळी ६.५०

२००४ बद्दल तुमचं पटलं. मी निकालाचा तो भाग लक्षात घेतला नव्हता. बाकी माझं मत कायम. चेनीबाईंचं उदाहरण वर्गात सांगायला हवं होतं, पण आता वर्ग नाही. नातीला सांगेन.

तरुण मुलींचं तुम्ही लिहिलंत, मुलगे कुठे होते?

दूरदेशी
१० जून २०२५, दुपारी १२.०५

मास्तर, नेमकं दुखणं विचारलंत. तिन्ही वाहिन्यांच्या एकत्रित एक्झिट पोलमध्ये विशीतल्या मुलींपैकी ५८ टक्के ली जे-म्योंग यांच्या बाजूने, आणि विशीतल्या मुलग्यांपैकी फक्त २४. मुलग्यांची उरलेली मतं किम आणि तिसरे उमेदवार ली जुन-सोक यांच्यात जवळपास निम्मी निम्मी गेली. एकाच घरातले बहीण-भाऊ. प्रयोगशाळेतली माझी दोन विद्यार्थी मुलं मार्शल लॉच्या रात्री घाबरून मला फोन करत होती. दोघांचीही मतं ली जुन-सोक यांना. त्यांचं म्हणणं, युन चुकला हे ठरलं, संपलं, आता नोकरीचं आणि सक्तीच्या लष्करी सेवेचं कोण बोलतंय? महाभियोग झाला की लोकांच्या मनात तो हिशोब मिटतो आणि जुने हिशोब पुन्हा उघडतात. हे मला योइदोच्या पायऱ्यांवर उभी असताना कळलं नव्हतं.

पिंपळपान
१० जून २०२५, संध्याकाळी ५.४५

ब्राझीलची भर घालतो. २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांना सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी काढलं. कारण अर्थसंकल्पी हिशोबांतली लपवाछपवी, पण लोकांचा राग मंदीचा आणि भ्रष्टाचाराचा. काढणाऱ्या पक्षांना वाटलं पुढची निवडणूक आपली. २०१८ मध्ये त्यातल्या एका मोठ्या पक्षाचे उमेदवार जेराल्दो आल्कमिन ५ टक्क्यांच्या आत, दुसऱ्याचे सव्वा टक्क्याच्या आसपास. दिल्मा स्वतः सिनेटला उभ्या राहिल्या, चौथ्या आल्या. दोन्ही बाजू बुडाल्या आणि तिसरेच, कट्टर उजवे बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. हेच आल्कमिन २०२२ मध्ये दिल्मांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुला यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

एडिसनकर
१० जून २०२५, रात्री ७.३०

दूरदेशी, आपण सगळे आकडे मांडतोय, पण तुम्ही धागा काढलात तो वरच्या मजल्यावरच्या आजींसाठी. त्यांना विचारलंत का कधी? आणि फक्त या वेळचं विचारू नका. २००४ ला आणि २०१७ ला कोणाला मत दिलं तेही विचारा.

दूरदेशी
१४ जून २०२५, रात्री १०.२५

विचारलं. आज सकाळी.

जूनमध्ये इथे नवा लसूण येतो आणि तो सोलून व्हिनेगर-सोया सॉसमध्ये मुरत घालतात. हलमोनींनी पाच किलोची जुडी आणली होती, मी सोलायला बसले. एडिसनकरांचा प्रश्न तसाच विचारला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मला वाटलं चुकले.

मग म्हणाल्या, २००४ मध्ये उरीला दिलं. माझा विश्वास बसेना. दैगूची बाई, भावंडं सगळी परंपरावादी. त्या वर्षी पहिल्यांदाच मतदाराला दोन मतं मिळाली होती, एक उमेदवाराला, एक पक्षाला. त्यांनी उमेदवार आपल्या नेहमीच्या पक्षाचा निवडला आणि पक्षाचं मत उरीला दिलं. कारण? "तो माणूस मला आवडत नव्हता. पण त्या पोरांना रडताना बघितलं टीव्हीवर. आपण निवडलेल्या माणसाला असं ओढत नाहीत." नवऱ्याला हे कधी सांगितलं नाही, तो आता नाही, म्हणून मला सांगितलं.

२०१७ मध्ये मतदानालाच गेल्या नाहीत. पार्क यांचे वडील राष्ट्राध्यक्ष होते त्या काळात हलमोनी मोठ्या झाल्या, पार्क यांची आई गोळी लागून गेली तेव्हा आख्खी गल्ली रडली होती. "तिने मला लाज आणली. तिला काढलं ते बरोबर. पण काढणाऱ्यांना मत द्यायला हात उचलेना, म्हणून घरी बसले." त्या दिवशीही लसूणच सोलला का, असं मी विचारणार होते, नाही विचारलं.

आणि आत्ता? "युनला मी माफ करणार नाही. त्या रात्री मला वाटलं पुन्हा १९८० सारखा मार्शल लॉ येतोय. त्याला काढलं तेव्हा मी टीव्ही बंद करून देवाचे आभार मानले." मग किमना का? तर म्हणाल्या, संसद ली यांच्या पक्षाची, आता राष्ट्राध्यक्षही त्यांचाच, सगळंच एका हातात कसं द्यायचं. आणि नंतर, बऱ्याच वेळाने, "माझ्या बाजूचं कुणीतरी उरायला नको का?"

त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे असं होतं का. मी सांजवातच्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांना ती दोनदा ऐकायची होती. मग म्हणाल्या, त्यांचं वय काय, अजून आहेत का. सांजवात, मला माहीत नव्हतं काय सांगायचं ते.

सांजवात
१४ जून २०२५, रात्री ११.५०

नाहीत. २०११ मध्ये गेले. आजींना सांगा, १९८० मध्ये त्यांनीही आमच्या घरात दोन वेगळी मतं पडू दिली. त्यांचं जनता पक्षाला, आईचं इंदिराबाईंना. आईने हे त्यांना सांगितलं होतं, आणि ते तिच्याबरोबर केंद्रावर चालत गेले होते.